आधी कोणता प्रश्न?

तो दवाखान्यात आला तेव्हा बाहेर भुरभुर चालू होती. दिवसभर पडून पडून कंटाळलेला पाऊस जसा पडतो, तशी. छत्री उघडावी तर उगाच वाटावं, न उघडावी तर भिजायला व्हावं. त्याने उघडली नव्हती. केसांवर बारीक थेंब, चष्म्याच्या काचांवर वाफ, गळ्याला मफलरचे दोन वेढे. खुर्चीत बसला, माझ्याकडे पाहून हसला, मग माझ्या पाठीमागच्या दाराकडे पाहिलं आणि फाटक्या भात्यासारख्या आवाजात विचारलं, "डॉक्टर… कधी येतील?"

हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं. उत्तर तोंडपाठ आहे. मी नर्स प्रॅक्टिशनर. बरीच वर्षं वॉर्डात नर्स होते, मग पुढचं शिकले. आता पेशंट तपासते, निदान करते, औषध लिहून देते, आणि माझ्या आवाक्याबाहेरचं दिसलं तर वेळेत पुढे पाठवते. हे सगळं मी एका दमात सांगते, न चिडता. पण त्या दिवशी नुसतंच म्हणाले, "डॉक्टर मंगळवारी येतात. तोवर माझ्यावर भागवून घ्या."

तो लाजला. म्हणजे खरोखर लाजला, कानांच्या पाळ्या लाल होईपर्यंत.

"आ करा," मी म्हणाले. त्याने आज्ञाधारकपणे आ केला. घसा लाल होता, गाठी नव्हत्या, ताप नव्हता. "पोटापाण्याला बोलावं लागतं का?"

त्याने मान हलवली. हो.

"शिक्षक?" नाही. "वकील?" नाही. "मग लिलाव पुकारता?"

तो हसला. आवाज आलाच नाही, नुसते खांदे हलले.

"हसूसुद्धा नका. स्वरतंतू सुजले असणार. काही दिवस पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, त्याने घसा आणखी ताणतो. आणि तीन आठवड्यांत आवाज पूर्ण सुटला नाही तर परत यायचं. टाळायचं नाही."

त्याने फोन काढून त्यावर लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. 'उद्या मला दिवसभर बोलायचं आहे.'

"उद्या तुम्ही दिवसभर ऐकणार आहात," मी म्हणाले.

तो गेल्यावर काउंटरवरच्या मावशींनी दारातून डोकं आत घातलं. "मौनीबाबा गेले वाटतं. दिसायला बरे होते हो."

"मावशी, पुढचा पेशंट."

"पाठवते. मी आपलं निरीक्षण नोंदवलं."

दुसऱ्या दिवशी मला वाचनालयाच्या वरच्या सभागृहात जायचं होतं. आमचा पेशा अजून नवा. तो कितपत उपयोगाचा, कुठे कमी पडतो, कुणाला वाचवतो, यावर अभ्यास व्हायला हवा असं सगळेच म्हणतात. पण अभ्यास करणारे मोजके, आणि प्रश्न मात्र ढीगभर. म्हणून आधी कोणता प्रश्न घ्यायचा, हे ठरवायला नर्सेस, काही डॉक्टर, पेशंट आणि पेशंटची सेवा करणारे घरचे लोक असे सगळे एकत्र बसणार होते. त्यात जाणारी आमची सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली, म्हणून माझी वर्णी लागली. मी कुरकुरतच गेले. प्रश्न ठरवायला बैठका कशाला, असं माझं मत होतं.

सभागृहात शिरले आणि समोर… मफलर.

व्यासपीठाच्या कडेला तो उभा होता. शेजारी पिकल्या केसांच्या प्राध्यापक मॅडम माइक सारखा करत होत्या. मला पाहताच त्याचे कान पुन्हा लाल.

"मत तुम्ही द्यायचं," मॅडम म्हणाल्या, "आम्ही दोघं नुसता तराजू धरणार. सगळ्यांना बोलतं करणं हे खरं तर याचं काम. पण काल याला कुणीतरी गप्प राहायला सांगितलंय आणि हा ते चक्क पाळतोय. इतक्या वर्षांत माझं याने कधी ऐकलं नाही."

लोक हसले. मी खाली पाहत माझी खुर्ची शोधू लागले. पण त्याच्यासमोरून जाताना राहवलं नाही. हळूच म्हणाले, "नर्स प्रॅक्टिशनरांची बैठक भरवता, आणि दवाखान्यात येऊन डॉक्टर कधी येणार विचारता…"

त्याने दोन्ही हात जोडले. मग ओठांवर बोट ठेवलं. मला बोलायची मनाई आहे, असं.

आणि मग मी भिंत पाहिली.

सभागृहाची एक अख्खी भिंत चिठ्ठ्यांनी भरली होती. ठिकठिकाणच्या लोकांनी पाठवलेले प्रश्न. आम्ही उठून भिंतीजवळ गेलो आणि वाचू लागलो. 'आमच्याकडे डॉक्टर नाही, फक्त नर्सताई आहेत. त्यामुळे माझं आयुष्य कमी होईल का?' 'एकटीने निर्णय घेतला की घरी गेल्यावर झोप का लागत नाही? आणि न झोपलेल्या नर्सचा दुसऱ्या दिवशीचा निर्णय कसा असतो?' 'वर्षानुवर्षं एकाच माणसाने तपासलं तर पेशंट लवकर बरा होतो, की आपल्याला तसं नुसतं वाटतं?' 'आई मला ओळखत नाही, पण तिला तपासायला येणाऱ्या सिस्टरला ओळखते. असं का?'

मी वाचत गेले आणि माझं कुरकुरणं कुठल्या कुठे विरलं. मला वाटत होतं, शहाण्या माणसांकडे उत्तरं असतात. इथे इतकी माणसं आपल्याला काय माहीत नाही ते सांगायला पुढे आली होती, कुणी वळणदार अक्षरात, कुणी शाळेतल्या मुलासारखं गिचमिड. माझं रोजचं काम, ती तपासणीची खोली, तो स्टेथोस्कोप, ते 'आ करा'… त्याच्याभोवती केवढं मोठं न कळलेलं पसरलं आहे, हे मला पहिल्यांदा दिसलं.

शेजारी कुणीतरी उभं होतं. तोच. तो भिंतीकडे पाहत नव्हता, मी भिंत कशी पाहते ते पाहत होता. मी वळल्यावर त्याने नजर काढून घेतली. पण जरा उशिराच.

दुपारी एका चिठ्ठीवरून वाद झाला. 'आमच्या हातून काय सुटतं, आणि ते आम्हाला कसं कळेल?' खाली नाव नव्हतं.

मोठ्या रुग्णालयातून आलेल्या एक ज्येष्ठ नर्स होत्या, सगळे त्यांना मोठी ताई म्हणत. त्यांनी सरळ सांगितलं, "हा काढून टाका. आपल्या पायावर आपणच धोंडा का पाडून घ्यायचा? लोकांना आधीच आपल्यावर भरवसा नाही. उद्या हाच प्रश्न दाखवून म्हणतील, बघा, यांच्या चुका यांनाच ठाऊक आहेत."

बऱ्याच माना हलल्या. त्यात माझीही हलली. तरी नियमाप्रमाणे तो प्रश्न लगेच काढता येत नव्हता. पुढच्या फेऱ्यांत मतं पडायची होती. त्याने ती चिठ्ठी जपून इतरांबरोबर लावली.

पुढची बैठक काही आठवड्यांनी झाली. तोवर त्याला आवाज आला होता. जरा घोगरा, कडा थोड्या उसवलेल्या, पण उबदार. भांडणारी माणसं त्या आवाजाने शांत होत. जे गप्प बसत त्यांच्याकडे वळून तो म्हणे, "तुमच्या मनात काहीतरी आलं होतं. मघाशी दिसलं मला." आणि ती माणसं बोलू लागत.

चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला. "एक सांगायचं होतं. मी तटस्थ राहणं गरजेचं आहे. त्यामुळे कुठल्याही एका सदस्याबरोबर वेगळं बसून चहा प्यायचा नाही, असा माझा नियम आहे."

"मी कुठे विचारलंय?"

"नाही विचारलंत. मीच विचारणार होतो… म्हणून आधी स्वतःला बजावलं."

मी कपात पाहत राहिले. "माझाही नियम आहे. पेशंटबरोबर चहा नाही."

"म्हणजे दोन्हीकडून कडी."

"दोन्हीकडून."

मग आम्ही एकाच खिडकीच्या दोन टोकांना उभं राहून आपापला चहा प्यायलो. बाहेर ओल्या रस्त्यावरून सायकली जात होत्या. वेगळं बसलो नव्हतो, नियम मोडला नव्हता. पण चहा इतका हळू मी आयुष्यात कधी प्यायले नव्हते.

त्यानंतर फोन सुरू झाले. प्रत्येक फेरीआधी तो सगळ्या सदस्यांना फोन करून त्यांचं म्हणणं विचारून घेत असे.

"खरंच सगळ्यांना करता?" मी एकदा विचारलं.

"सगळ्यांना. तुम्हाला सगळ्यात शेवटी."

"का? मी एवढी बिनमहत्त्वाची?"

"शेवटच्या फोनला… ठेवायची घाई नसते."

आई समोर बसून विणत होती. मी फोन ठेवल्यावर तिने सुयांवरून नजर न काढता विचारलं, "कोण गं?"

"संशोधनाचं काम आहे, आई."

"असेल, असेल. पण संशोधनात गालातल्या गालात हसण्यासारखं काय असतं?"

त्याच फोनमध्ये मला दुसरंही काहीतरी ऐकू आलं होतं. बोलता बोलता शेवटाकडे त्याचा आवाज विरायचा, जुन्या कापडासारखा. दोन दिवस मी स्वतःला समजावलं की फोनच खराब असेल. मग उलट मीच फोन केला. "मी तीन आठवडे म्हणाले होते."

"कामात राहिलो."

"उद्या या."

तो आला. मी तपासलं, आणि जे करायचं तेच केलं: कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. तज्ज्ञ बाई माझ्या ओळखीच्या, शिकवायची हौस असलेल्या. त्याची हरकत नाही म्हटल्यावर त्यांनी मलाही आत बोलावलं. नाकातून कॅमेऱ्याची बारीक नळी सरकली, पडद्यावर गुलाबी बोगदा दिसला, आणि मग खोल आत, अचानक… दोन पांढऱ्या पट्ट्या. बोटाच्या नखाएवढ्या. श्वास घेतला की उघडत, त्रिकोणी दारासारख्या.

"ई म्हणा," बाई म्हणाल्या.

"ई…"

पट्ट्या जवळ आल्या आणि थरथरल्या. इतकंसं काहीतरी. भांडणं मिटवणारा, शेवटच्या फोनवर रेंगाळणारा तो आवाज त्या एवढ्याशा थरथरीतून निघत होता. पुस्तकात मी ते चित्र किती वेळा पाहिलं होतं. तरी त्या क्षणी मी पडद्याच्या आणखी जवळ सरकले. माणूस आतून इतका नाजूक असतो, आणि तरी सकाळी उठून, मफलर गुंडाळून, जगाशी बोलायला निघतो.

मग बाईंनी बोट ठेवलं. डाव्या पट्टीच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा फुगवटा. "बहुधा साधा असेल. पण तुकडा काढून तपासायला पाठवू."

ते दिवस कसे गेले ते सांगायला नको. मी पेशंट तपासत होते, हसत होते, औषधं लिहीत होते, आणि फोन वाजला की आधी नंबर पाहत होते. मावशी काही बोलल्या नाहीत, हे त्यातल्या त्यात सगळ्यात भीतिदायक होतं. आणि त्या वाट पाहण्यात एक विचार मनात शिरला तो बाहेर पडेना. याला मी पुढे पाठवलं. पण आवाज बसलेली माणसं माझ्याकडे कितीतरी येऊन गेली. ती बरी झाली म्हणून परत आली नाहीत, की…

रिपोर्ट आला. तज्ज्ञ बाईंनी मलाच कळवलं. तो माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. मी त्याला आत घेतलं.

"काही नाही," मी म्हणाले. "साधी गाठ आहे. चुकीच्या पद्धतीने ताणून बोलल्यामुळे येते. आवाजाचे व्यायाम शिकवतील, त्यानेच जाईल बहुतेक."

त्याने डोळे मिटले. मी पाण्याचा पेला पुढे केला. डोळे उघडल्यावर त्याने तो घेतला नाही, आधी माझ्याकडे पाहिलं.

"यापुढे तुम्हाला डॉक्टर बघतील," मी म्हणाले. "मी त्यांच्याशी बोलले आहे."

"का? माझं काही चुकलं का?"

"नाही." मी पेला टेबलावर ठेवला. "पेशंटच्या रिपोर्टची मला काळजी वाटते. ती वाटायलाच हवी. या वेळी भीती वाटली. ज्याला भीती वाटते… त्याने तपासू नये."

तो उठला, दारापर्यंत गेला, आणि कडीवर हात ठेवून थांबला.

"शेवटची बैठक व्हायची आहे अजून."

"माहीत आहे."

"तोवर मला काही बोलता येणार नाही."

"तज्ज्ञांनी मौन सांगितलंय?"

"नाही. हे माझं मीच."

शेवटच्या बैठकीच्या सुरुवातीला एक रीत होती. प्रश्नांशी कुणाचा काही खाजगी संबंध असेल तर तो आधी सगळ्यांसमोर सांगायचा. कुणी म्हणालं, नवऱ्याचं औषधांचं दुकान आहे. पेशंटांच्या बाजूने आलेले एक आजोबा होते, निवृत्त बसचालक, ते म्हणाले, "माझी सून नर्स आहे आणि मी तिला घाबरतो. एवढं नोंदवा." हशा पिकला. हसू ओसरायच्या आत व्यासपीठाच्या कडेला बसलेला तो उठला.

"मलाही सांगायचं आहे." आवाज शांत होता. व्यायामांचा गुण दिसत होता. "या खोलीतल्या एका सदस्याबद्दल माझ्या मनात… आदर आहे म्हणणार होतो. पण आदर तर तुम्हा सगळ्यांबद्दल आहे. हे त्याहून वेगळं आहे. मी त्यांना अजून काही म्हटलेलं नाही. पण त्या बोलत असताना मला तराजू सरळ धरता येईल, याची मला खात्री नाही. म्हणून शेवटची फेरी मॅडम चालवतील. मी बाहेर बसतो."

आणि तो गेला. दार अलगद लागलं.

खोलीतल्या सगळ्या नजरा एकमेकींना विचारत फिरल्या, कोण गं, कोण? मोठ्या ताईंची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. या वेळी कान माझे तापले होते. त्यांनी पाण्याची बाटली तेवढी माझ्याकडे सरकवली.

पुढचे काही तास प्रश्न वर गेले, खाली आले. शेवटी तो प्रश्न टेबलावर आला. आमच्या हातून काय सुटतं? तो खाली, गळणाऱ्यांत ठेवायचं जवळजवळ ठरलं होतं.

मी उठले. काय बोलणार हे ठरलेलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी हा काढून टाकायला मीही मान हलवली होती," मी म्हणाले. "मधे एका पेशंटला मी पुढे पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत एक गोष्ट मला छळत होती. ज्यांना वेळेत पाठवलं ते मला आठवतात. ज्यांना पाठवायला हवं होतं आणि पाठवलं नाही, ते कोण, हे मला कधीच कळणार नाही. ते माझ्याकडे परत येत नाहीत. कुणी येऊन सांगत नाही. मी चांगलं काम करते असं मला वाटतं… पण ते मला नुसतं वाटतं. आपण विचारलं नाही तर आपल्या वतीने हे कोण विचारणार?"

आजोबांनी घसा साफ केला.

"माझी बायको गेली तेव्हा कुणाची चूक होती की नव्हती, मला माहीत नाही. कुणी शोधलंच नाही. सगळे म्हणाले, वाईट झालं. मला एवढंच हवं होतं की कुणीतरी म्हणावं, थांबा, आपल्या हातून काय सुटलं ते बघू." ते थांबले. "मला नर्सने तपासलेलं आवडत नाही. खरं सांगतो. पण जी स्वतःहून हे विचारते, तिच्याकडे मी जाईन."

मी त्या खोलीकडे पाहत राहिले. थकलेले चेहरे, गार झालेले चहा, आणि स्वतःच्याच चुका शोधा असं जगाला सांगायला निघालेली ही माणसं. इतकं धाडस मी ऑपरेशनच्या खोलीतही पाहिलं नव्हतं. मोठ्या ताई हळूहळू उठल्या, टेबलापर्यंत गेल्या, ती चिठ्ठी उचलली, आणि तळातून काढून वरच्या रांगेत ठेवली. मग तिच्यावर क्षणभर तळहात ठेवून उभ्या राहिल्या, एखाद्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

मतं पडली. तो प्रश्न पहिला आला नाही, दुसरा आला. पहिला आला तो एकटीने निर्णय घेणाऱ्या नर्सच्या झोपेचा. मला तेही बरोबर वाटलं.

तो जिन्याच्या वळणावर खिडकीत बसला होता. ऊन उतरलं होतं, पायऱ्यांवर लांब पिवळे पट्टे पडले होते. मला पाहून उभा राहिला.

"काय झालं?"

"तुम्हाला कशाला सांगू? तुम्ही तर बाहेरचे."

"अगदी बाहेरचा," तो म्हणाला. "पेशंट नाही, सूत्रधार नाही. आता माझ्याकडे एकही नियम शिल्लक नाही." मग हसू ओसरलं. "मी सगळ्यांसमोर बोललो. तुम्हाला अवघड झालं असेल तर…"

"तुमच्या निवेदनात एक चूक होती."

"कोणती?"

"तुम्ही एकाच बाजूचं सांगितलंत." मी एक पायरी खाली उतरले. "संबंध… दोन्ही बाजूंनी आहे."

ज्याचं कामच बोलण्याचं, त्याला शब्द सापडत नव्हते, आणि या वेळी घशाला काही झालेलं नव्हतं.

"पुन्हा म्हणतेस?" त्याने विचारलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं, 'तुम्ही' कुठेतरी गळून पडलं होतं. तो गडबडला. "म्हणजे… म्हणता?"

"राहू दे," मी म्हणाले. "तू तसंच म्हण."

त्याने हात पुढे केला. मी तो घेतला, आणि सवयीने बोटं त्याच्या मनगटावर गेली. नाडी धावत होती. दिवसभर मी कितीतरी हात हातात घेते. प्रत्येकात काहीतरी शोधत असते, ताप, सूज, अशक्तपणा, चुकलेला ठोका. मी बोटं मनगटावरून खाली घसरू दिली, त्याच्या तळव्यात. तळवा गरम होता, जरासा घामेजलेला, आणि त्यात मला काहीही शोधायचं नव्हतं.

वर दार उघडलं, माणसांचा गलबला जिन्यावर आला, त्यात मोठ्या ताईंचं हसणं सगळ्यात मोठं. आम्ही हात सोडला नाही.